‘श’वरची मात्रा

६ जानेवारी २०२२, गुरुवार

डायरी मिळून बारा दिवस झाले. आज लिहू, उद्या लिहू करत पहिलं पान अजून कोरंच. आधी पेन नव्हतं. मग पेन आलं, तर मावशीच्या पोटमाळ्यावर मांजर व्यालं आणि ती पिल्लं बघण्यात दोन दिवस गेले. खरं कारण वेगळंच आहे. लिहायला बसलं की आपण तेवीस वर्षांत काय केलं ते दिसतं. बारावी अर्धवट. गोव्यात शॅकवर वेटर, मनालीत हॉटेलात भांडी, नाशिकला कांद्याच्या गोणी, मधे सहा महिने कुठे होतो ते धड आठवत पण नाही.

डायरी २०२०ची आहे, पूर्ण कोरी. जयवंत सरांनी दिली. ते सप्तसूर टॉवरचे सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून रिटायर झालेत, पण अंगातून ऑफिस गेलेलं नाही. म्हणाले, "लवू, त्या वर्षी कोणी काही लिहिलंच नाही. वाया जाण्यापेक्षा तू वापर. वार तेवढे खोडून घे." म्हणून वार खोडतोय.

नोकरी मावशीनेच लावली. शेवंती मावशी, आईची धाकटी बहीण. आई गेल्यावर जगात मला हाक मारणारी एवढी एकच. सप्तसूरमध्ये नवव्या मजल्यावरच्या आजोबांना आंघोळ घालणं, भरवणं, फिरवणं हे तिचं काम. राहते इथेच, मुलुंडच्या डोंगराला लागलेल्या वस्तीत, रस्त्यापासून एकशे चौदा पायऱ्या वर. मी मोजल्यात. परवा पायरीवर बिबट्याचा पंजा उमटलेला, असं सगळे म्हणतात. मी बघायला गेलो तर कुत्र्याचा वाटला.

मी लिहितोय बघून मावशी म्हणाली, "काय रे झिला, डायरेत काय लिवतंस? माझी बदनामी?"

"तुझी कशाला, माझीच."

"ती लिवक एक डायरी पुरात?"

८ जानेवारी, शनिवार

नोकरी अशी. गेटवर टेबल. टेबलावर क्लबहाऊसमधला कॅरम बोर्ड. कामवाल्या बायका, ड्रायव्हर, माळी, सगळ्यांनी दर दोन दिवसांनी नाकात काडी फिरवायची. ती ट्यूबमधल्या पाण्यात बुडवायची, दोन थेंब कार्डावर टाकायचे आणि पंधरा मिनिटं बाकावर बसायचं. एक रेघ आली तर लिफ्ट, दोन आल्या तर घर. मी कार्डं कॅरमवर ओळीने मांडतो, नाव टाकतो, निकाल सांगतो, फोटो काढून अॅपमध्ये चढवतो. खोक्यावर लिहिलंय ‘घरच्या वापरासाठी’. जयवंत सर म्हणतात, सोसायटी म्हणजे घरच.

किटमध्ये एक चिठ्ठी असते, आठ घड्यांची, बारीक इंग्रजीत. मी पहिल्या तीन घड्या वाचल्या. पुढे चित्रं होती म्हणून सोडली.

सर आज समजावत होते. "पूर्वी लॅबचा कागद लागायचा, आता घरच्या टेस्टलाही मान्यता आहे. तुझ्या कार्डावर दोन रेघा म्हणजे सरकार दरबारी पॉझिटिव्ह. फायनल. परत टेस्ट लागत नाही. कळतंय ना तुझ्या हातात काय आहे?"

शकु बाकावरून ओरडली, "त्याच्या हातात काडी आहे, सर!" सगळ्या बाया हसल्या.

शकु तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर पोळ्या करते. जालन्याकडची. आमच्याच वस्तीत राहते, पण खालच्या अंगाला. तोंडाने फटकळ. मला लव्या म्हणते, साहेब म्हणते, कधी डॉक्टर. मुलगी शीतल माहेरी आलीय बाळंतपणाला, आठवा संपत आलाय.

११ जानेवारी, मंगळवार

माळीकाका पॉझिटिव्ह. पहिलाच. मी फोटो चढवला आणि काका पायऱ्या चढून घरी पोचायच्या आत पालिकेच्या वॉर्ड ऑफिसातून त्यांना फोन. सात दिवस घरात. वस्तीत बातमी त्यांच्याही आधी पोचली होती. नळावरून त्यांचा हंडा बाजूला. संडासाला त्यांनी सगळ्यांचं आटोपल्यावर दुपारी जायचं, असं ठरलं. कोणी ठरवलं ते कळलं नाही.

मनात आलं, काडी त्यांनी फिरवली, थेंब त्यांनी टाकले, मी फक्त बघितलं आणि सांगितलं. तरी काका माझ्याकडे बघत होते ते मीच रोग दिल्यासारखं.

कार्डावर नाव लिहायला नखाएवढी जागा. ‘शेवंती’ मावतच नाही. म्हणून मी पहिलं अक्षर टाकतो. शे., श., मा., अं. निळा स्केचपेन. सर म्हणाले, ठीक आहे, रजिस्टरात पूर्ण लिही म्हणजे झालं.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

आजचं नीट लिहितो.

सकाळी आकाश पतंगांनी भरलं होतं. समोरच्या गुजराती बिल्डिंगच्या गच्चीवर थाळ्या, भोंगे, लपेट लपेट. बायांच्या टेस्टा झाल्या, कार्डं मांडली, आणि एक काळा मोठा पतंग कटून झाडामागे गेला. मी लहानपणी कधी सोडला नाही, आज कसा सोडेन? दहा मिनिटांत येतो म्हणून गेलो. मांज्याने बोट कापलं. परत आलो तर अर्धा तास होऊन गेलेला. ऊन आलं म्हणून वॉचमनने बोर्ड उचलून सावलीत ठेवला होता, आणि सगळी कार्डं घसरून कोपऱ्यात, सोंगटीच्या भोकाशी गोळा.

बाकीची अक्षरावरून ओळखता आली. दोन कार्डं तेवढी सारखी. दोन्हीवर ‘श.’ एकावर एक रेघ, एकावर दोन. कुठल्यातरी ‘श’वरची मात्रा पुसली गेली होती. सॅनिटायझर लावलेल्या हातांनी धरलं की शाई जाते, हे मला आधी पण एकदा दिसलं होतं.

बाकावर मावशी आणि शकु शेजारी शेजारी. शकु सकाळी दोनदा शिंकली होती. मावशी ठणठणीत, तिळाचे लाडू वाटत होती. जयवंत सर मागे उभे. म्हणाले, "काय, किती वेळ? वर लोकांची कामं खोळंबलीत."

मी म्हणालो, शकु.

वाकडं काही नाही त्यात. शिंकलं कोण ते सगळ्यांनी बघितलं होतं. मावशीची असती तर मला कळलं नसतं का? एका खोलीत झोपतो आम्ही.

शकु उभी राहिली. पहिल्यांदाच तिला टोमणा सुचला नाही. "परत कर रे लव्या. मी परत काडी फिरवते. शीतल आहे घरात."

मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "बाई, पॉझिटिव्हला परत टेस्ट नाही. नियम आहे. निगेटिव्ह असतीस तर एक वेळ विचार केला असता."

"म्हणजे चांगली असले तर परत बघणार आणि वाईट असले तर नाही? कुठला नियम हा?"

सरांनी खरोखर फोनवर नियम काढून दाखवला.

दोन्ही कार्डांचा एकत्र फोटो काढला, चढवला. शकु गेली. जाताना मावशीने तिच्या हातात लाडू ठेवला, तोही लांबूनच. तीळगूळ घ्या वगैरे कोणी म्हणालं नाही.

काळा पतंग माझ्याकडे आहे. कामट्या मोडल्यात.

१५ जानेवारी, शनिवार

शकुच्या दारावरून गेलो. शीतल शेजारणीकडे राहायला गेलीय, पोट घेऊन. शकु दाराच्या फटीतून म्हणाली, "पाणी भरून देतोस, डॉक्टर?" दोन हंडे दिले. विचारलं, ताप आहे? म्हणाली, "कसला ताप! नाक पण कोरडं ठाक. मिरच्या भाजल्या होत्या रे काल सकाळी घरातून निघायच्या आधी, म्हणून शिंकले. तुझं ते यंत्र काय म्हणतं त्यावर आता मी आजारी."

मी हसलो. ती हसली नाही.

लक्षणं नसलेले पण असतात म्हणे.

१७ जानेवारी, सोमवार

मावशी खोकतेय. डोंगरावर गारठा आहे, वर शेकोट्यांचा धूर. म्हटलं आज राहू दे, जाऊ नको. म्हणाली, "माझी निगेटिव मां? मग गप रव. आजोबांका कोण न्हाणयतलो? तू?"

खरंय. शुक्रवारचा निगेटिव्ह आहे, अॅपमध्ये हिरवा. गेली.

आज तिची टेस्ट असायला हवी होती, पण किट संपत आलीत. सर म्हणाले, ज्यांचा नुकताच निगेटिव्ह आहे त्यांना सोड, नवीन खोकं आलं की बघू. आज सोडलं.

कोरा वेळ होता. मनालीतला एक जर्मन म्हातारा आठवला. रोज एकच दगड काढायचा, वेगवेगळ्या उन्हात. पाच वर्षं तो तेच करत होता. मला वेड वाटला होता तेव्हा. आता वाटतं, एका गोष्टीकडे नीट बघणं मला एकदा तरी जमलं असतं तर.

१८ जानेवारी, मंगळवार

नववा मजला सगळा पॉझिटिव्ह. आजोबा, मुलगा, सून. आजोबांना ॲडमिट केलं. मुलगा फोनवर सरांना सांगत होता, लग्नाला गेलो होतो तिथूनच आलं असणार, बाईचा प्रश्न नाही, ती निगेटिव्ह आहे.

मावशी दुपारीच घरी आली. अंग तापलेलं. मी सुकट भाजली, तिला आवडते म्हणून. ताटावर बसली, एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं.

"सुकटाचो वास येणा नाय रे."

"सर्दी आहे तुला."

"सर्दी नाय."

१९ जानेवारी, बुधवार

मावशीला रात्रभर झोप नाही. खोकला आला की उठून बसते, भिंत धरते. दवाखान्यात जाऊ म्हटलं तर म्हणते निगेटिवाक कोण घेता. तेही खरं वाटलं मला.

गेटवर एक किट उरलं होतं, ते खिशात टाकून आणलं. चिठ्ठी उघडली. आज आठही घड्या उघडल्या. शेवटच्या घडीत लिहिलंय, इंग्रजीत आहे पण मला कळलं. त्रास होत असेल आणि टेस्ट निगेटिव्ह असेल तर त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवू नका, लगेच लॅबची टेस्ट करा.

पंधरा दिवस ही चिठ्ठी रोज फाडून कचऱ्यात टाकत होतो.

मावशीची टेस्ट केली. पंधरा मिनिटं लागलीच नाहीत. दुसरी रेघ पहिलीपेक्षा गडद.

म्हणजे आजोबांकडून आलं तिला. लग्नातून त्यांच्याकडे, त्यांच्याकडून हिला. ही लोकं लग्नं कशाला करतात.

२० जानेवारी, गुरुवार

म्युनिसिपाल्टीच्या दवाखान्यात नेलं, उतरताना चार वेळा बसली. डॉक्टर मुलगी होती, माझ्याएवढी. तिने विचारलं, त्रास कधीपासून. मी म्हणालो, सोमवारपासून. मावशी म्हणाली, "नाय. संक्रांतीच्या आदल्या दिसापासून अंग दुखता हा. सांगूक नाय. काम जाता."

डॉक्टर म्हणाली, त्यांना लशीचा एकच डोस झालाय, साखर आहे, जपा. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली आलं की थांबू नका, घेऊन या. बोटाला लावायचं यंत्र दिलं.

संक्रांतीच्या आदल्या दिवसापासून.

घरी येऊन फोन काढला. चौदा तारखेचा फोटो. आधी वाटलं राहू दे, उद्या बघू. मग बघितला. मोठा केला. दोन रेघांचं कार्ड. ‘श’. त्याच्या कान्याच्या टोकावरून डावीकडे वर गेलेला एक फिकट निळा ओरखडा. पुसलेला, पण आहे.

शे.

एका रेघेचं कार्ड पण मोठं केलं. त्या ‘श’च्या डोक्यावर काही नाही. कधीच नव्हतं.

मावशीने झोपेतून विचारलं, "काय बघतंस?" मी म्हणालो, पतंग.

२१ जानेवारी, शुक्रवार

सरांकडे गेलो. फोटो दाखवला. सरांनी चष्मा काढला, घातला, परत काढला. मग म्हणाले, "हे कोणाला दाखवलंस?"

"नाही."

"नोंद झाली ती झाली, लवू. वर आजोबा व्हेंटिलेटरवर आहेत. आता एक मात्रा इकडची तिकडे झाली म्हणून तू कुठे कुठे जाणार आहेस?"

वाईट माणूस नाही तो. पण दार लावून घेतलं.

वॉर्डात फोन केला. एक मुलगी होती, दमलेल्या आवाजाची. सगळं ऐकून घेतलं तिने. म्हणाली, "दादा, पॉझिटिव्ह कॅन्सल होत नाही. सिस्टीम घेतच नाही. निगेटिव्ह असता तर बदलता आला असता."

"पण त्या बाईंना झालाच नव्हता."

"नाव काय? शकुंतला ना? थांबा." टकटक. "अहो, त्यांचे सात दिवस आज संपतायत. संध्याकाळी त्यांना बरं झाल्याचा मेसेज जाईल. मग तुमचा प्रॉब्लेम काय?"

तिनेच पुढे सांगितलं, "फक्त त्यांचा दुसरा डोस राहिलाय, तो आता तीन महिने घ्यायचा नाही म्हणावं. होऊन गेलेल्यांना नाही देत."

म्हणजे नव्हता तो आजार दिला, आणि होता तो डोस काढून घेतला. पेपरवाले डोसला पण मात्राच म्हणतात.

शकुला सांगायला तिच्या दारापर्यंत गेलो. ती आत मोठ्याने कोणाला तरी सांगत होती, "सुटले गं बाई! आज सुटले!" मी परत आलो. उद्या सांगतो.

२२ जानेवारी, शनिवार

नाही सांगितलं. मला ताप. नवव्या मजल्यावरचे आजोबा गेले. मावशीला कळवलं नाही. ती सारखी विचारते, आजोबांका भरवता कोण.

त्र्याण्णव. मग चौऱ्याण्णव. मग त्र्याण्णव.

२३ जानेवारी, रविवार

सकाळी ब्याण्णव. पालथी झोपवली, डॉक्टरने सांगितलं तशी. आता एक्याण्णव. मावशी म्हणते, "माका हास्पिटलात न्हेव नको. माणूस हातात गावणा नाय मागसून." गाडीला फोन केलाय. ते म्हणतात रस्त्यापर्यंत आणा. एकशे चौदा पायऱ्या. मी स्वतः उठून उभा राहिलो की डोळ्यांपुढे काळं येतं. शेजारी तिघांना हाका मारल्या. त्यांच्या घरात टीव्ही चालू होता. माझी हाक आली तसा बंद झाला.

शकुला मेसेज लिहिला. तीनदा लिहिला, तीनदा खोडला. ‘शकुताई, तुम्हाला कधीच झाला नव्हता.’ एवढंच आहे. यात चुकीचं अक्षर एकही नाही. पाठवता येत नाही.

मावशी आता खोकत पण नाही. माझं बोट धरलंय तिने. मी डाव्या हाताने लिहितोय, म्हणून अक्षर असं. मघाशी म्हणाली, "शकुक माझो निरोप दी. तो लाडू मी लांबसून दिलंय. बरा नाय दिसला ता."

पायऱ्यांवर कोणीतरी येतंय. चपलांचा आवाज. दमदार, न थांबता येतंय, या वस्तीत असं एकच बाई चढते.

"लव्या! ए डॉक्टर! दार उघड. मला आत्ता कळलं नळावर. मेल्या, सांगायचं नाही का?"

मी लिहितोच आहे.

"अरे घाबरू नको, मला होऊन गेलंय. सर्टिफिकेट आहे मोबाईलात. आता मला काय होणार नाही. मी घेते तिला पाठीवर, शीतलच्या बापाला असंच उतरवलं होतं. पटकन कर, संध्याकाळी मला शीतलजवळ झोपायचंय, तिचे दिवस भरत आलेत."

एक्याण्णव होते. आता नव्वद.

फटीतून दिसतेय. हातात पेजेचा डबा, पदर खोचलेला. मास्क नाही. तिला लागत नाही ना आता. मावशीला खाली नेणारं या डोंगरावर दुसरं कोणी नाही, आणि तिला आत घ्यायचं तर आधी तोंड उघडायला हवं. हे लिहितोय म्हणजे अजून पण पुढेच ढकलतोय.

मावशीने डोळे उघडले. दाराकडे बघतेय. "कोण आयला रे?"

शकु आलीय, मावशी.